अरादच्या किल्ल्यातील देऊळ

पुणे

प्रिय माधव,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. अलिबागच्या इस्राएल आळीतील सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, पाहून आल्यावर तू जो प्रश्न विचारला आहेस, तो मला फार आवडला. जिथे मूर्ती नाही, वेदी नाही, बळी नाही की नैवेद्य नाही, अशा ठिकाणी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातील ज्यू मंडळी प्रार्थना करतात. मग त्यांच्या प्राचीन पूर्वजांची उपासनाही अशीच होती का, असे तू विचारतोस. ती अशी नव्हती, एवढे सांगून मला थांबता आले असते. पण तेवढ्यावर तू मला सोडणार नाहीस, हे ठाऊक असल्यामुळे सविस्तरच लिहितो.

यरुशलेममधील शलमोन राजाच्या मंदिराविषयी सगळेच बोलतात, परंतु त्या मंदिराचा म्हणून एक दगडही आज खात्रीने दाखवता येत नाही. जे आहे ते बायबलमधील वर्णन. म्हणून मी तुला दुसऱ्याच एका देवळात नेतो. मृत समुद्राच्या पश्चिमेस, नेगेव वाळवंटाच्या कडेला अराद नावाची टेकडी आहे. यहूदाच्या, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या प्राचीन इस्राएली राज्याने आपली दक्षिण सीमा राखण्यासाठी तिच्यावर एक किल्ला बांधला होता. किल्ला म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर रायगड येईल, तर तसे काही नाही. एक बाजू जेमतेम 50 मीटरची, आत कोठारे, पाण्याची टाकी आणि शिबंदीची घरे. 1962 साली पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांनी तिथे उत्खनन सुरू केले, तेव्हा किल्ल्याच्या वायव्य कोपऱ्यात चक्क एक देऊळ निघाले. इ.स.पू. 8व्या शतकात ते वापरात होते असे बहुतेक अभ्यासक मानतात, काही जण तो काळ त्याहून नंतरचा मानतात. राजाच्या किल्ल्यात, राजाच्या माणसांसाठी, इस्राएलच्या देवाचे असे हे देऊळ होते. एखाद्या आडगावच्या लोकांनी चोरून मांडलेला देव्हारा नव्हता, हे आधी लक्षात घे.

पूर्वेकडून आत शिरले की अंगण, अंगणात होमबलीची वेदी, अंगणापलीकडे एक आडवे दालन, आणि त्या दालनाच्या पश्चिम भिंतीत दोन पायऱ्या चढून जायचा एक छोटा कोनाडा, म्हणजेच गाभारा. प्राचीन इस्राएली मंदिराचा सगळा अर्थ या मांडणीत आहे, असे मी मानतो. ही जागा भक्तांनी एकत्र जमून प्रार्थना करण्यासाठी बांधलेली नव्हती. ते देवाचे राहते घर होते. घरधन्याच्या माजघरात जसे कोणीही उठून जात नाही, तसेच इथे. सामान्य माणसाचा वावर अंगणापर्यंत, आतल्या दालनात याजक म्हणजे पुरोहित, आणि कोनाड्यात देव. यरुशलेममध्ये हीच उतरंड भव्य प्रमाणावर होती. तिथला गाभारा 20 हात लांब, 20 हात रुंद आणि 20 हात उंच असा ठोकळ्यासारखा होता, आणि पुढे त्यात वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकटा महायाजक जात असे.

अंगणातल्या वेदीकडे जरा थांबून पाहायला हवे. ती माती आणि न घडवलेले दगड रचून केली आहे, आणि तिची बाजू सुमारे अडीच मीटर म्हणजे पाच हात भरते. बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकात आज्ञा आहे की दगडांची वेदी केलीस तर ती घडीव दगडांची करू नकोस, कारण दगडाला हत्यार लावलेस तर तो भ्रष्ट होईल. त्याच पुस्तकात निवासमंडपाच्या, म्हणजे मंदिरापूर्वीच्या तंबूवजा देवस्थानाच्या, वेदीचे माप पाच हात लांब, पाच हात रुंद असे दिले आहे. आज्ञा आधी की वेदी आधी, हा वाद अभ्यासकांवर सोपवू. पण पुस्तकात लिहिलेला आणि वाळवंटात रचलेला आचार इतका जवळ येतो, तेव्हा मला तरी थक्क व्हायला होते. या वेदीवर जनावर जाळले जाई. देवाला भूक लागते म्हणून नव्हे, अशी नंतरच्या काळात आवर्जून केलेली सारवासारव आपल्याला स्तोत्रांत दिसते. लेवीय पुस्तकातील स्पष्टीकरण अधिक खोल आहे: प्राण रक्तात असतो, आणि म्हणून वेदीवर वाहिलेले रक्त माणसाच्या प्राणाकरिता प्रायश्चित्त करते. माणसाच्या पापाने देवाचे घर मळते, आणि ते मळले तर देव तिथे राहणार नाही, अशी ही भीती आहे. बळीचे रक्त ते घर धुऊन काढते.

आता कोनाड्याकडे वळू. तिथे जो देव होता तो एक उभा दगड होता. मीटरभराहून कमी उंचीचा, गुळगुळीत, माथ्याला गोलसर, आणि त्यावर तांबड्या रंगाच्या खुणा. आता तो यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. आपल्याकडच्या माणसाला हे वर्णन ऐकताच शेंदूर फासलेला तांदळा आठवणार, आणि तुलाही आठवला असेल. साम्य नाकारायचे कारण नाही, मात्र त्यावरून धावत निष्कर्ष काढू नकोस. त्या दगडाला डोळे नाहीत, तोंड नाही, कोणताही आकार कोरलेला नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो देवाचे रूप दाखवण्यासाठी उभा केलेलाच नव्हता. देव इथे आहे, एवढेच तो सांगत होता. इस्राएलांचा पूर्वज याकोब याने बेथेल येथे उशाचा दगड उभा करून त्यावर तेल ओतले आणि हे देवाचे घर आहे असे म्हटले, ती कथा याच जातीची. यरुशलेममध्ये त्याच्याही पुढची पायरी गाठली गेली. तिथे गाभाऱ्यात पंख पसरलेले दोन करूब (पंखधारी दिव्य प्राण्यांच्या मूर्ती) होते, पंखांखाली कराराचा कोश, म्हणजे देवाच्या कराराच्या शिलापाट्यांची पेटी होती, आणि जिथे देव बसलेला असायचा ती जागा रिकामी होती. त्या मंदिराच्या उद्घाटनाच्या प्रार्थनेत शलमोनाच्या तोंडी असे शब्द आहेत की आकाशात आणि आकाशांच्या आकाशात तू मावत नाहीस, मग मी बांधलेल्या या घराची काय कथा! घर बांधायचे आणि त्यात तो मावत नाही हेही त्याच दिवशी कबूल करायचे, हा ताण इस्राएली मंदिरातून कधीच गेला नाही.

कोनाड्याच्या पायऱ्यांवर चुनखडीच्या दोन लहान धूपवेद्या सापडल्या. त्यांच्या माथ्यावर जळालेल्या द्रव्याचा काळा थर तसाच टिकून होता. 2020 साली त्याच्या रासायनिक तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि बरीच खळबळ उडाली. मोठ्या वेदीवर प्राण्यांच्या चरबीत मिसळलेला ऊद निघाला. तो दक्षिण अरबस्तानातून येत असे, त्यामुळे हा आडवळणाचा किल्ला दूरच्या व्यापाराशी जोडलेला होता हे कळले. लहान वेदीवर मात्र शेणात मिसळलेला गांजा होता! ऊद जळायला जास्त आच लागते म्हणून चरबी, आणि गांजा मंद जळावा म्हणून शेण, असा तपासणाऱ्यांचा अंदाज आहे. वर्तमानपत्रांनी गांजाची बातमी चवीने छापली, ते साहजिकच होते. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की बायबलमधील धूपाच्या कृतीत गांजाचे नाव नाही. म्हणजे प्रत्यक्ष उपासना लिखित नियमांपेक्षा बरीच सैल आणि विविध होती. धुराचे खरे काम काय, हे लेवीयाच्या 16व्या अध्यायात आहे: महायाजकाने आत जाताना धुराचा ढग करावा, म्हणजे कोशावरचे झाकण त्याआड राहील आणि तो मरणार नाही. देव इतका जवळ असतो, की त्याच्या आणि माणसाच्या मध्ये काहीतरी असावेच लागते.

आणि मग हे देऊळ बंद झाले. शत्रूने पाडले असते तर त्यात नवल नव्हते, परंतु इथे धूपवेद्या आडव्या निजवलेल्या सापडल्या, आणि सगळ्यावर माती भरून ती जागा बुजवलेली होती. फोडतोड नाही, जाळपोळ नाही. इ.स.पू. 8व्या शतकाच्या अखेरीस यहूदाच्या हिज्कीया राजाने उच्चस्थाने, म्हणजे गावोगावची पूजास्थाने, काढून टाकली आणि उपासना यरुशलेममध्ये आणली, त्या सुधारणेचा हा पुरावा आहे असे अनेकांचे मत आहे. संकटकाळी पवित्र वस्तू सुरक्षित ठेवल्या असतील, असेही काही म्हणतात. मला पहिले मत पटते. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा आग्रहच आहे की देव एक, तर त्याचे स्थानही एकच; आणि असे उभे दगड तर त्याच पुस्तकाने निषिद्ध ठरवले. पण यात गमावले काय, तेही पाहा. राजांच्या ग्रंथात अश्शूरी सेनाधिकारी यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून लोकांना टोमणा मारतो: ज्या देवावर तुम्ही भरवसा ठेवता, त्याचीच उच्चस्थाने आणि वेद्या हिज्कीयाने काढून टाकल्या ना? परक्याला ही सुधारणा देवद्रोह वाटली. अरादच्या शिपायाला याहून वेगळे वाटले असेल, असे मला वाटत नाही. त्याचा देव त्याच्या पहाऱ्याच्या जागेपासून काही पावलांवर होता; तो आता दोन-तीन दिवसांच्या चालीवर गेला.

याच किल्ल्यात खापरांवर शाईने लिहिलेली पत्रेही सापडली आहेत, आणि इ.स.पू. 600च्या आसपासच्या, किल्लेदार एल्याशीबाला लिहिलेल्या एका पत्रात कोणाविषयी तरी तो ‘यहोवाच्या घरात’ आहे असा उल्लेख येतो. तोपर्यंत अरादचे देऊळ गाडले गेले होते, तेव्हा हे घर यरुशलेमचेच असावे. पण देव एकाच घरात आणून ठेवला की ते घर पडल्यावर काय, हा प्रश्न लगेचच दारात आला. इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने ते जाळले. दुसरे उभे राहिले, तेही इ.स. 70 मध्ये रोमनांनी पाडले. एकच स्थान मान्य केल्यामुळे दुसरीकडे बळी देण्याची सोय उरली नव्हती, आणि म्हणून रोजच्या बळींच्या वेळा प्रार्थनांनी घेतल्या. तू पाहिलेले सिनेगॉग या वाटेने आले आहे. कोकणातल्या सिनेगॉगांत तोराहच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्यांचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला असते, कारण यरुशलेम त्या दिशेला आहे. देव कपाटात राहतो असे तिथे कोणी मानत नाही.

राहता राहिला तुझा मलिद्याचा प्रश्न. एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, नारळ, साखर आणि फळे यांचे जे ताट मांडतात, ते मंदिरातील अन्नार्पणाचे अवशेष आहे असे तुला कोणीतरी सांगितले. तसे मानणारे आहेत. मला मात्र शंका आहे, कारण लेवीयातील अन्नार्पणात पिठावर तेल आणि ऊद घालून त्यातली मूठभर वेदीवर जाळत आणि उरलेले याजक खात. मलिद्याला अग्नी नाही, वेदी नाही, याजकाचा वाटा नाही, आणि आशीर्वाद म्हणून झाले की ते सगळ्यांत वाटून खातात. आभार मानण्याची ती रीत आहे, आणि ती कोकणातच आकाराला आली असावी. तुझे मत वेगळे असेल तर सविस्तर लिही. आणि पुढच्या खेपेस सागावच्या बाजूला एलियाहूंच्या खडकापर्यंतही जाऊन ये, म्हणजे आपल्याला भांडायला आणखी एक विषय मिळेल.

घरी सर्वांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
वसंत