वारा नाही, पाणी नाही, तरी दगड जुना होतो

सेंदाई, जपान

ती. आई व बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर लघुग्रहांविषयी बोलताना बाबांनी विचारलेल्या प्रश्नाला मी धड उत्तर दिले नाही. त्यांच्या कानातल्या यंत्रातून माझा आवाज तुटक येत होता, हे एक कारण. शिवाय त्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देणे म्हणजे त्यांची बोळवण करण्यासारखे झाले असते. "तिथे ना वारा, ना पाऊस, मग दगड जुना कशाने होणार?" असे त्यांनी विचारले होते. बसच्या कार्यशाळेत छत्तीस वर्षे पत्र्याच्या गंजाशी झगडलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. म्हणून हे पत्र लिहीत आहे. आई, अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे. तू सावकाश वाचून दाखव.

लघुग्रहांच्या अभ्यासकांना बाबांच्या प्रश्नाने कित्येक दशके छळले आहे. अवकाशातून पृथ्वीवर पडणाऱ्या दगडांपैकी, म्हणजे अशनींपैकी, बहुसंख्य अशनी एकाच जातीचे असतात, त्यांना सामान्य कॉन्ड्राइट म्हणतात. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लघुग्रहांचा जो पट्टा आहे, त्याच्या आतल्या भागात एस वर्गाचे दगडी लघुग्रह सर्वाधिक आहेत. तेव्हा हे अशनी त्या लघुग्रहांचेच तुकडे असणार, असे कोणीही म्हणेल. पण दुर्बिणीतून लघुग्रहाचा वर्णपट (त्याच्यावरून येणाऱ्या प्रकाशाची रंगवार फोड) घेतला आणि प्रयोगशाळेत अशनीचा घेतला, तर दोन्ही जुळत नसत. लघुग्रह अधिक काळपट आणि तांबूस दिसत, आणि ऑलिव्हिन व पायरॉक्सीन या खनिजांची ओळख पटवणाऱ्या वर्णपटातल्या खाचा त्यांच्यात उथळ असत. घरातल्या मुलाचा चेहरा आई-वडिलांशी अजिबात जुळू नये, तसाच हा प्रकार होता.

याचा उलगडा जपानच्या हायाबुसा यानाने केला. हे यान २००५ मध्ये इतोकावा नावाच्या, जेमतेम ५३५ मीटर लांबीच्या लघुग्रहावर टेकले. नमुना उडवण्यासाठी जी गोळी झाडायची होती ती झाडलीच गेली नाही. तरीही टेकताना उडालेली थोडी धूळ डबीत शिरली आणि १३ जून २०१० रोजी ती डबी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात उतरली. आत दीड हजाराहून अधिक कण सापडले, त्यांतले बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. आई, तू रांगोळी चाळतेस तेव्हा जी भुकटी हवेत तरंगत राहते, तिच्यासमोरही हे कण लहान ठरतील. असा एक कण आडवा कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा आत शुद्ध कॉन्ड्राइट दिसले. बाहेरच्या अंगाला मात्र ६० नॅनोमीटरपर्यंतच्या थरात, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्यात, लोखंडाचे अतिसूक्ष्म ठिपके विखुरलेले होते. लघुग्रहाला काळपट, तांबूस करणाऱ्या त्या थराने लघुग्रह आणि अशनी यांचे नाते झाकून ठेवले होते.

हे ठिपके येतात कुठून, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. सूर्यातून हायड्रोजन आणि हेलियम यांचे विद्युतभारित कण सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने सतत बाहेर पडत असतात. त्याला सौरवारा म्हणतात. म्हणजे बाबा, वारा आहे, पण तो हवेचा नाही. हे कण दगडावर आदळून खनिजाची मांडणी विस्कटतात. दुसरीकडे धुळीचे बारीक कण सेकंदाला काही किलोमीटर वेगाने येऊन आपटतात आणि आपटल्या जागी दगडाची क्षणभर वाफ होते. ती वाफ शेजारच्या कणांवर पुटासारखी बसते. दोन्ही वाटांनी घडते ते एकच: खनिजात प्राणवायूशी बांधलेले लोह सुटे होते आणि धातूच्या रूपात उरते. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात खडक झिजण्याला विदारण म्हटलेले असे, म्हणून मी याला अवकाशीय विदारण म्हणते.

इथे बाबांनी थोडे थांबावे. हा गंज नव्हे, तर बरोबर गंजाच्या उलट क्रिया आहे. तुमच्या कार्यशाळेत धातूचे लोखंड प्राणवायू घेऊन मातीच्या रंगाचे होत असे. इतोकावावर मातीत अडकलेले लोह प्राणवायू सोडून धातू बनते. आई पितळी समया काळ्या पडल्या की चिंचेने घासते, तो दाखलाही मी पूर्वी लोकांना देत असे, पण तो फसवा असल्याने आता देत नाही.

शो सासाकी या जपानी संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ऑलिव्हिनच्या भुकटीवर लेसरचे अतिशय अल्पकाळचे झोत टाकून धुळीच्या आघाताची नक्कल केली आणि त्यातून लोहाचे असेच ठिपके तयार झाल्याचे दाखवले. मी तसलाच प्रयोग करते. फिकट पोपटी भुकटी दाबून रुपयाच्या नाण्याएवढी वडी करायची, ती निर्वात पात्रात ठेवायची आणि तिच्यावर लेसर फिरवायचा. बाहेर काढल्यावर झोत पडलेली बाजू मळकट तपकिरी झालेली असते, जणू तव्यावर जरा जास्त राहिलेली भाकरी. पहिल्या वर्षी मी एक चूक केली. दगड पोलादी खलात कुटल्याने खलाचेच लोखंड भुकटीत उतरले, आणि लेसर लावण्याआधीच वर्णपट तांबूस दिसू लागला. माझा पंधरा दिवसांचा आनंद फुकट गेला. शेवटी बाबांची युक्ती कामी आली: लोहचुंबक कागदात गुंडाळून भुकटीतून फिरवायचे, मग चुंबक बाहेर ओढले की कीस आपोआप कागदावरून गळतो. आता मी अकीक या कठीण दगडाचाच खल वापरते.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला स्वतःला यापुढचा भाग अधिक आवडतो. सौरवाऱ्याने पृष्ठभाग काही लाख वर्षांतच जुना होतो असे दिसते. सौरमालेचे वय ४५६ कोटी वर्षे आहे. मग सगळेच लघुग्रह केव्हाच सारखे काळवंडून जायला हवे होते. तसे झालेले नाही, कारण धुळीचा आघात पृष्ठभाग म्हातारा करतो, तर मोठ्या दगडाचा आघात तोच पृष्ठभाग पुन्हा तरणा करतो. टक्कर तीच, आकार बदलला की परिणाम उलटा. मोठ्या आघाताने विवर पडते, आतला न उन्हाळलेला माल बाहेर फेकला जातो, आणि इतोकावासारखा लहान, भुसभुशीत लघुग्रह एका टकरीने सबंध हादरतो. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे वर राहतात आणि भुगा तळाशी जातो, तसे तिथे घडले आहे: मोठे धोंडे उंचवट्यांवर उघडे पडले आहेत आणि बारीक खडी घरंगळून सखल भागात साचली आहे. जिथे उतार तीव्र आहे तिथला जुना थर खाली सरकल्यामुळे जमीन उजळ दिसते.

लोणारच्या काठावर उभे राहून बाबा मला सांगत असत की हा खड्डा पाऊस हळूहळू बुजवतो आहे. बेसाल्टमधले ते १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पाण्याने आणि झाडांनी खरोखरच जुने केले आहे. इतोकावावर तेच काम हादरे करतात; लहान विवरे खडीने भरून निघतात, म्हणून तिथे ती अपेक्षेपेक्षा कमी दिसतात.

सगळे दगड या नियमाने वागत नाहीत, हेही सांगायला हवे. ५ एप्रिल २०१९ रोजी हायाबुसा-२ या यानाने र्‍युगू या लघुग्रहावर सुमारे दोन किलो तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने मारला. आपल्या न्हाणीतल्या बंबात याहून जास्त तांबे असेल, तरी तिथे १४ मीटरहून रुंद विवर पडले, इतका तो भुसभुशीत आणि त्याचे गुरुत्व इतके क्षीण. मात्र आतून उडालेला माल उजळ नव्हता, उलट अधिक गडद होता. र्‍युगू कार्बनयुक्त आहे, एस वर्गाचा नाही. दोघांना एकच मापदंड लावणाऱ्यांचे लेख मी हल्ली जरा साशंकपणेच वाचते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यात आपल्या पृथ्वीचा हात आहे. पृथ्वीजवळून जाणाऱ्या काही लघुग्रहांचे वर्णपट ताज्या कॉन्ड्राइटसारखे, न काळवंडलेले असतात. रिचर्ड बिन्झेल या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की असे ताजे लघुग्रह गेल्या ५ लाख वर्षांत पृथ्वीच्या फार जवळून, चंद्राच्या अंतराच्या आतून जाऊ शकले असते. समुद्राला भरती आणणारी ओढच त्यांची धूळ हलवून नवा थर वर आणते, असे त्यांचे म्हणणे. मला हे कारण एकट्याने पुरेसे वाटत नाही. दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने दगड तडकणे आणि लघुग्रहाची गिरकी वाढल्याने माल घसरणे, यांचाही वाटा असावा.

याची एक परीक्षा लवकरच आहे. भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ रोजी पहाटे सव्वातीनच्या सुमारास अपोफिस हा काही शे मीटर आकाराचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. आई, तुझ्या मालिका ज्या उपग्रहांवरून गच्चीवरच्या थाळीत उतरतात, त्यांच्याही आतून. तो आपटणार नाही, याची गणिते झालेली आहेत, तेव्हा शेजारच्या काकूंनी मोबाइलवर काही दाखवले तरी घाबरू नये. बेन्नू या लघुग्रहाचे नमुने आणणारे अमेरिकेचे यान आता त्याच्याकडे निघाले आहे. जाण्यापूर्वीचा वर्णपट आणि नंतरचा वर्णपट शेजारी ठेवल्यावर खाचा किंचितशा जरी खोल झालेल्या दिसल्या, तर पृथ्वीने एका रात्रीत त्याची धूळ हलवली असे म्हणता येईल. त्याच दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे. त्या आठवड्यात मी घरी येण्याचे ठरवले आहे.

तुमची,
धाकटी