आत्सूची गोष्ट संपली, तुझ्याशी बोलायचंय

प्रिय सुऱ्या,

काल रात्री ‘घोस्ट ऑफ योतेई’ हा व्हिडिओ गेम संपवला. हात आपसूक फोनकडे गेला होता, पण दीड वाजला होता आणि आता त्या वेळी तुझ्याकडे फोन वाजणं म्हणजे तान्ही पोर उठणार. शिवाय हे फोनवर व्हायचंच नाही. तिसऱ्या वाक्याला मला तोडशील आणि पहिल्या गेममधल्या जिनच्या मामाचं, शिमुराचं उकरून काढशील. म्हणून पत्र. आईचा गुडघा बरा आहे, माझं नेहमीसारखं, घरी सगळे मजेत.

पहिल्या गेमचा नायक जिन ह्यात नाही, म्हणून ‘जिन नाही तर मी नाही, शेवट खुशाल सांग’ असं तू म्हणाला होतास. तर मी सगळं सांगणार आहे, अगदी शेवटच्या द्वंद्वापर्यंत. मागाहून बोंब मारायची नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच खूप चांगलं आहे. पहिला गेम, ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’, १२७४ सालच्या मंगोल स्वारीचा, हा १६०३ चा. सेकिगाहाराची लढाई होऊन तीन वर्षं झालीत, जपानवर तोकुगावा घराण्याची सत्ता नुकती बसतेय, आणि आपण आहोत त्या सत्तेच्या पार उत्तर टोकाला, एझोमध्ये. म्हणजे आजचं होक्काइदो. मधोमध योतेई डोंगर, ज्याला एझोचा फुजी म्हणतात. कुठल्याही माळावर उभा राहिलास तरी तो कुठून ना कुठून डोकावतोच. आणि वारा तसाच आहे बरं का. नकाशा न उघडता वाऱ्यामागे घोडा सोडायचा ती सवय पहिल्याच संध्याकाळी परत आली.

ह्या गेमची नायिका आत्सू लहान असताना सहा जणांनी तिचं घर संपवलं. तिला घरासमोरच्या जळत्या गिंको झाडाला तलवारीनं खिळवून ठेवलं आणि निघून गेले. सोळा वर्षांनी ती परत येते, कमरेच्या पट्ट्यावर सहा नावं लिहून. साप, ओनी (राक्षस), कित्सुने (कोल्हा), कोळी, ड्रॅगन ही टोपणनावं, आणि त्यांचा म्होरक्या सायतो. एकेक मेला की नाव खोडायचं. एवढीच गोष्ट. पण एक जागा सांगतो. पडक्या घराच्या अंगणात उभं राहून एक बटण दाबलं की तेच अंगण लहानपणीचं होतं. वाट बघणं नाही, पडदा काळा होणं नाही, पापणी लवते न लवते तोच आई ओसरीवर बसलेली. ती शामिसेन, म्हणजे तीन तारांचं वाद्य, शिकवते, कंट्रोलरच्या टचपॅडवर आपण बोटानं तार छेडतो, आणि चुकलं की ती रागवत नाही, पुन्हा म्हणते. परत बटण दाबलं की जळकी ओसरी, रिकामी. मी ते किती वेळ करत बसलो होतो! तुझ्या-माझ्या जुन्या कन्सोलवर हे चाललंच नसतं, हा फक्त नव्यावर आहे, आणि ह्या एका जागेसाठी मला ते पटलं.

लढाईही भारी. भाला, जोड तलवारी, ओदाची ही लांबलचक तलवार, साखळीला बांधलेला विळा, समोरच्याच्या हातात काय आहे ते बघून हत्यार बदलायचं. तोड्याच्या बंदुका आल्यात. आणि तुझ्या हातातलं हत्यार उडवून लावतात, मग त्या गर्दीत वाकून उचलायला जायचं. तुझ्यासारखा बटणं बडवणारा पाचव्या मिनिटाला झोपला असता.

आता मला जे खातंय ते.

कोथरूडच्या खोलीत पहिला गेम खेळलो तेव्हाचं आठव. जुलै २०२०, बाहेर जायची सोय नाही, एक कन्सोल, दोघांच्या दोन वेगळ्या सेव्ह. (आणि जिन गरम पाण्याच्या कुंडातून उघडा उठतोय तेवढ्यात काकू खिचडी घेऊन आत, आणि तू टीव्हीला मिठी मारून उभा! ‘काकू, स्क्रीन तापलीये’ म्हणालास. त्या अजून मला विचारतात, त्या पोराचा टीव्ही दुरुस्त झाला का.) जिननं पहिल्यांदा मागून जाऊन मंगोल मारला तेव्हा काय झालं होतं? मधेच शिमुरा आठवतो. मामा लहानग्या जिनला सांगतोय, जीव घेताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. म्हणजे गेमनं आपल्याला सुरी दिली आणि त्याच क्षणी ती वापरायची लाज पण दिली. पुढे जिन विष वापरतो, किल्ला हातात येतो, आणि मग तेच विष मंगोलांच्या म्होरक्याची, खोतुन खानाची माणसं आपल्याच लोकांवर वापरतात. असं लपूनछपून, भुतासारखं जास्त खेळलं की आभाळसुद्धा बिघडत जायचं. प्रत्येक गोष्टीची किंमत होती. तुझा घोडा नोबू बाण लागूनही धावत राहिला आणि बर्फात पडला तेव्हा तू कंट्रोलर खाली ठेवून गॅलरीत गेलास, ती पण त्याच किमतीतली.

तू शिमुराच्या बाजूचा होतास आणि मी जिनच्या. मी आजही जिनच्याच बाजूचा आहे. आपण मराठी माणसं, गनिमी कावा म्हणजे शौर्य हे शाळेच्या पुस्तकातून अंगात मुरलेलं. मूठभर माणसं, समोर प्रचंड फौज, तर रात्री जा, अडचणीत गाठा, पसार व्हा. त्यात लाज कसली? समोरासमोर किनाऱ्यावर उभे राहून जवळजवळ सगळे सामुराई मेले, हे पहिल्याच प्रसंगात दिसतं. तरी त्या गेमची ताकद अशी की जिनच्या बाजूनं असूनही शेवटी मला मामाचं दुःख कळलं. ते द्वंद्वाआधी दोघं मिळून कविता रचतात, मग तलवारी उपसतात, आणि मग गेम आपल्याला विचारतो, मारणार की सोडणार? तू मारलंस, त्याला सामुराईचं मरण दिलंस. मी सोडलं. त्यावरून आपण दोन दिवस एका खोलीत राहून एकमेकांशी बोललो नाही. ‘तू त्याला अपमानात जगायला ठेवलंस’ हे तुझं वाक्य मला मान्य नाही, अजूनही नाही. जिवंत माणसाचं मन बदलू शकतं, सुऱ्या.

योतेईत असं भांडण होऊच शकत नाही. माझा सल तो आहे.

आत्सू सामुराई नाही, तिला कुणी कुठलं व्रत दिलेलं नाही. म्हणून मागून मारलं, छपरावरून मारलं, कशानंही मारलं, कुणाचा चेहरा आठवत नाही. त्सुशिमात जो काटा होता, तो इथे नुसतं एक कौशल्य झालाय. मान्य, तिची गोष्ट वेगळी. तिचा जुळा भाऊ जुबेई जिवंत निघतो, त्याला किकू नावाची मुलगी आहे, आणि सूड की राहिलेलं माणूस हा प्रश्न हळूहळू वर येतो. ओयुकीचा भाग तर फार सुंदर लिहिलाय. शामिसेन वाजवणारी बाई, जिच्यावर आपला जीव बसतो, तीच एकेकाळची कित्सुने निघते, त्या सहातली. मला वाटलं, झालं, आता विचारणार! मारू की सोडू? पण गेम ते स्वतःच ठरवतो. आत्सू ठरवते आणि आपण बघतो. शेवटीसुद्धा तसंच. सायतो मरतो, जुबेईपण मरतो, आत्सू किकूला घेऊन त्याच घरी राहते. मी रडलो, ते खरं. पण ते दुसऱ्याचं दुःख बघून रडणं होतं. शिमुराच्या वेळी माझा स्वतःचा अंगठा त्या बटणावर होता.

आणि ह्याहून मोठं एक आहे, ते मी इथे कुणाशी बोललो तर लोक म्हणतील गेम खेळ ना बाबा. जुबेई मात्सुमाए घराण्याचा सामुराई आहे. सायतो गुंड, मात्सुमाए त्याच्याशी लढणारे, तर आपसूक आपले. मीही त्यांच्यासाठी किल्ले घेतले. पण एझो ही भूमी आयनूंची, तिथल्या मूळ लोकांची. गेममध्ये आयनू गावं आहेत, त्यांची घरं, पेहराव मन लावून दाखवलेत, माणसं मायाळू आहेत. आणि साल बघ, १६०३. पुढच्याच वर्षी, १६०४ मध्ये, तोकुगावा इएयासूनं ह्याच मात्सुमाएंना आयनूंशी व्यापार करायचा मक्ता दिला. मग आयनूंना दुसरं गिऱ्हाईक नाही. गोणीतला तांदूळ कमी होत गेला आणि त्या बदल्यात मागितलेली मासळी वाढत गेली. १६६९ मध्ये शाकुशाइन नावाचा त्यांचा सरदार उठला, तर तहाच्या मेजवानीला बोलावून मात्सुमाएंच्या माणसांनी त्याला मारलं. तहाच्या मेजवानीला! ह्यांच्यात कुठे गेलं ते डोळ्यांत बघून मारणं? जपानच्या कायद्यात आयनूंना मूळ रहिवासी म्हणायला २०१९ उजाडलं.

म्हणजे पहिल्या गेमचा प्रश्न, इज्जतीच्या गप्पा मारणारे नेमकी कुणाची इज्जत राखतात, तो विचारायला जगात याहून चांगली जागा आणि याहून चांगलं साल सापडलं नसतं. त्यांना ती जागा सापडली, सालही सापडलं, आणि विचारलं नाही. मला एका आयनू माणसानं जुबेईसमोर उभं राहून ‘हा सायतो गेल्यावर तुम्ही आमचं काय करणार’ एवढं विचारलेलं हवं होतं. एक प्रसंग. बाकी सूडाची गोष्ट आहे तशी राहिली असती.

आत्सू बाई आहे म्हणून लोकांनी जो गोंधळ घातला त्यावर मी शाई घालवत नाही. ती उत्तम आहे. तू फक्त तिला जिनच्या तराजूत घालू नकोस, त्याची वारस म्हणून बघायला गेलास तर तिचं स्वतःचं असलेलं हातातून जाईल. माझी तक्रार तिच्यावर नाहीच, तिला अवघड काही न विचारणाऱ्यांवर आहे. तिच्यात उत्तर द्यायची धमक होती.

तुझं काय? नवीन घराचा ताबा मिळाला का? वहिनींची रजा कधी संपते? मुलीचं नाव फार आवडलं, आईलाही. बंगळूरचा पाऊस थांबला असेल एव्हाना.

डिसेंबरमध्ये येतोय तेव्हा कन्सोल पिशवीत घालून आणतो. किमान जुबेई भेटेपर्यंत खेळ, इशिकारीच्या मैदानात. पोर रात्री उठली की मी घेऊन फिरतो, तू बस. आणि मग मला सांग, तिथे गेल्यावर तुला मात्सुमाएंचे झेंडे आपले वाटले की नाही. तुला शिमुरा कळला होता, म्हणून तुझंच मत हवंय.

तुझा,
अव्या