जंगली कोकोच्या वितळून आलेल्या चॉकलेटबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : ऑनलाइन मागवलेल्या डार्क चॉकलेटच्या तीन वड्या खराब अवस्थेत मिळाल्याबाबत

महोदय / महोदया,

१२ एप्रिलला मी तुमच्या वेबसाइटवरून ७५ टक्के डार्क चॉकलेटच्या तीन वड्या मागवल्या. प्रत्येकी ७० ग्रॅम, ६२० रुपये. वर कुरियरचे १२०, म्हणजे एकूण १,९८० रुपये. एवढ्यात आमच्या घरी महिन्याचं दूध येतं. पण वडिलांची पंचाहत्तरी होती आणि कोकोही ७५ टक्के, म्हणून हौस केली.

पार्सल मुंबईहून निघालं, शुक्रवारी सातपूरच्या गोदामात पोहोचलं आणि सोमवारी दुपारी घरी आलं. मधले तीन दिवस ते पत्र्याखाली पडून होतं. त्या आठवड्यात नाशिकचा पारा ३८-३९च्या घरात होता. खोक्यात बर्फाची पिशवी नाही, थर्माकोल नाही, नुसता चुरगळलेला कागद. वेष्टन उघडलं तर वडीवरच्या चौकोनांच्या रेघा गायब, एक कोपरा पातळ, दुसरा फुगलेला, आणि सगळ्यावर भस्म फासावं तसा राखाडी थर. तोडायला गेले तर कट् आवाज नाही; खडूसारखा भुगा झाला.

वडील दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार. आमचा माल प्रीकूलिंग करून, म्हणजे पाठवण्याआधीच गार करून, थंड कंटेनरमधून युरोपात रॉटरडॅमला जातो. आठवडेच्या आठवडे समुद्रात असतो, तरी मणी ताजा उतरतो. त्यांनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, “हा माल भरला कोणी?”

तुमच्या कस्टमर केअरने व्हॉट्सॲपवर कळवलं की थर नैसर्गिक आहे, खायला सुरक्षित आहे, फ्रिजमध्ये ठेवा. सुरक्षित आहे हे मलाही ठाऊक आहे. ती बुरशी नाही, वर आलेलं कोको बटर आहे. पण कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. म्हणजे वडी माझ्या हाती येण्याआधीच वितळून पुन्हा कशीतरी गोठली होती. फ्रिजने ती पूर्ववत होत नाही, त्यासाठी पुन्हा वितळवून टेंपरिंग, म्हणजे ठरावीक तापमानाला ढवळत नीट गोठवणं, करावं लागतं. उलट फ्रिजमधून काढल्यावर दमटपणा धरून साखरेचा आणखी एक थर चढायचा.

खरं दुःख वेगळंच आहे. हा कोको बोलिव्हियातल्या बेनी भागाचा, असं तुमच्या वेबसाइटवर वाचलं. पावसाळ्यात तिथली माळरानं पाण्याखाली जातात, उंचवट्यावरची जंगलं बेटांसारखी वर राहतात, आणि तिथे आपोआप वाढलेल्या झाडांची फळं लोक चालत, होडीने जाऊन गोळा करतात. बी लागवडीच्या कोकोपेक्षा बारीक, म्हणजे तेवढ्याच वजनाला जास्त फळं फोडायची. मग ते आंबवायचं, वाळवायचं. हे वाचूनच ६२० रुपयांबद्दल मी हूं की चूं केलं नाही. आणि ॲमेझॉनच्या जंगलातून सुखरूप आलेला माल मुंबई-नाशिकच्या जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरांत मातीमोल झाला!

आणखी एक. वेष्टनावर पुढे झाडाचं सुरेख चित्र आणि ‘जंगली’ हा शब्द. मागे घटकांत फक्त ‘कोको बीन्स, कोको बटर, साखर’. बेनीचं नाव नाही, हंगामाचं वर्ष नाही. हा कोको कुठल्या हंगामाचा आणि गोळा कोणी केला, ते लेखी कळवावं.

मला पूर्ण १,९८० रुपये परत हवे आहेत. बदली माल पाठवणार असाल तर आता नको, डिसेंबरात पाठवा, आणि शुक्रवारी पाठवू नका. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.

बिल, कुरियरचा तपशील आणि फोटो सोबत जोडले आहेत. अडीच वड्या तशाच ठेवल्या आहेत, माणूस पाठवून घेऊन जा. उरलेली अर्धी वडिलांनी दुधात उकळून संपवली.

आपली ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक