बाथमधलं लोखंड काढू नकोस

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू विचारलंस ना, विजेने पाणीच तर फोडायचंय, मग हायड्रोजन एवढा महाग का? तेव्हा लोकलमध्ये होतो, काही ऐकू येईना, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

एक किलो हायड्रोजनला पाणी लागतं नऊ-दहा लिटर, पण वीज 50 युनिटच्या वर जाते. कागदावर 1.23 व्होल्टला पाणी फुटायला पाहिजे, प्रत्यक्षात प्लांटमध्ये 1.8 ते 2 द्यावे लागतात, आणि जास्त मार बसतो तो ऑक्सिजनच्या बाजूला, कारण तिथे एक रेणू सुटायला चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात. अ‍ॅसिडवाल्या पद्धतीत तिथे इरिडियम हा दुर्मिळ धातू लागतो, आणि तो अख्ख्या जगात वर्षाला सात-आठ टन निघतो, त्यातला बहुतेक दक्षिण आफ्रिकेत. त्याच्या भरवशावर आपल्या देशाने 2023 मध्ये ठरवलेलं, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजनचं टार्गेट कसं गाठणार सांग!

म्हणून मी निकेलच्या मागे आहे. गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलट अल्कलीत, निकेल टिकतं. पण खरी गंमत लोखंडाची आहे रे, नुसतं शुद्ध निकेल तसं सुस्तच, त्यात थोडं लोखंड मिसळलं की ऑक्सिजन कितीतरी कमी व्होल्टेजला सुटायला लागतो. तुम्ही प्लेटिंगवाले बाथमध्ये, म्हणजे मुलामा चढवायच्या द्रावणात, लोखंड आलं की पेरॉक्साइड टाकून, फिल्टर मारून काढून टाकता, आणि मला नेमकं तेच हवंय!

आता अडचण. रिसर्च पेपरमध्ये बहुतेक जण चौरस सेंटीमीटरला 10 मिलिअँप करंटवर आकडे दाखवतात, प्लांटला लागतात 300-400, तेही 80 डिग्रीला, वर्षानुवर्षं. मला वाटतं स्वस्त इलेक्ट्रोड (पाण्यात वीज सोडणारी पट्टी किंवा जाळी) तोच जो तिथे टिकतो, बाकी नुसतं कौतुक. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या स्टीलच्या जाळीवर मी निकेल-लोखंडाचा लेयर चढवला, करंट वाढवला की तारा जिथे एकमेकींवरून जातात तिथे बुडबुडे अडकून बसतात, हलतच नाहीत, आणि नंतर बरोबर तिथूनच तपकिरी पापुद्रा सुटतो. वर सोलरवर चालवायचं म्हणजे रोज चालू-बंद, मशीन बंद झालं की करंट थोडा वेळ उलटा वाहतो, त्यानेही लेयर खराब होतो.

लेयर पकडून ठेवणं हे तुझं काम आहे, एवढी वर्षं तू तेच करतोयस. जाळीचे तुकडे पाठवतो, पिकलिंग (अ‍ॅसिडने साफ करणं) तुझ्या पद्धतीने कर, आधी निकेलचा पातळ स्ट्राइक, म्हणजे पकड धरणारा पहिला थर, दे, मग लोखंड घातलेल्या छोट्या बाथमध्ये कमी करंटवर चढव. मेन टाकीत लोखंड अजिबात घालू नकोस, तुझे बाकीचे जॉब बिघडतील. वहिनींना नमस्कार सांग, आणि रविवारी पवईला ये, टेस्ट सेल दाखवतो.

तुझा,
मन्या