पोरीची जात चिवट

महाल, नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या नातीच्या बारशाला मी आलो नाही, म्हणून तू रागावला असशील. त्या आठवड्यात मी आमच्या भाडेकरूंच्या आठ महिन्यांच्या मुलीपाशी सरकारी दवाखान्यात बसून होतो.

मे महिन्याच्या उन्हात पाच दिवस तिला जुलाब होत होते. तिची आई रडत वर आली तेव्हा लेकराची टाळू खोल गेली होती आणि रडताना डोळ्यांत पाणीही येत नव्हते. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "पोट्टीची जात चिवट असते, होऊन जाईल बरी." याच घरातल्या तीन वर्षांच्या मुलाला फेब्रुवारीत नुसती सर्दी झाली, तर बापाने रात्री दहा वाजता ऑटो करून त्याला धंतोलीतल्या खासगी डॉक्टरकडे नेले होते. वॉर्डात नर्सबाईंनी मुलीच्या दंडाला कुपोषण मोजायची पट्टी गुंडाळली आणि माप लाल भागात थांबले, म्हणजे घेर साडेअकरा सेंटिमीटरहूनही कमी, तीव्र कुपोषण.

आजीचे बोलणे खोटे नाही, हेच मला सलते. सारखी काळजी घेतली तर तान्ही मुलगी मुलापेक्षा अधिक तगते, असे वैद्यकशास्त्रही सांगते. म्हणूनच जिथे मुली जास्त दगावतात, तिथे आजारापेक्षा घराकडे बोट दाखवावे लागते. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. त्याच वर्षी साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या मुलींना नवी नावे देण्यात आली. पण जन्मलेल्या मुलीच्या दुधात पाणी जास्त घालणाऱ्या, दवाखाना उद्यावर ढकलणाऱ्या हाताला कोणता कायदा अडवणार? तो हात दुष्टही नसतो रे. आजीने तिला रोज तेल लावून न्हाऊ घातले आहे.

तुला कधी सांगितले नव्हते, माझ्या पाठची बहीण दहा महिन्यांची असताना तापाने गेली. "टिकली नाही," एवढेच आई म्हणत असे. तिला दवाखान्यात नेले होते का, हे मी आईला कधीच विचारले नाही, आणि आता विचारायला आई नाही. वॉर्डातल्या त्या रात्री सलाईनच्या थेंबांकडे पाहताना मला सारखी तीच आठवत होती.

मुलगी परवा घरी आली. सोमवारी तिला वजनासाठी अंगणवाडीत न्यायचे आहे. बाप स्वतः नेतो म्हणाला आहे, पण मीही सोबत जाणार आहे. आजी अजून माझ्याशी बोलत नाही.

वहिनींना नमस्कार, नातीला अनेक आशीर्वाद. तिचे नाव काय ठेवले, ते अवश्य कळव.

तुझा बालमित्र