काम होण्याआधीच ओटीपी कशाला?

महोदय,

आमचा फ्रिज वॉरंटीत असतानाच बंद पडला. आईचं इन्सुलिन आठ दिवस शेजारच्या काकूंकडे, दह्याच्या पातेल्यामागे ठेवावं लागलं. कंपनीकडे तक्रार केली, तर मेकॅनिकने काम झाल्यावर द्यायचा ओटीपी फोनवर आधीच मागितला. मी विश्वासाने दिला. घरी कुणीच आलं नाही, पण ‘तक्रारीचे निराकरण झाले’ असा मेसेज मात्र आला! आईने लगेच फ्रिजचं दार उघडून पाहिलं, आत दिवासुद्धा लागत नव्हता. संताप आला. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. दांडिया बाजारात एकटे राहणारे कितीतरी वृद्ध आहेत. त्यांच्याकडून काम होण्याआधी ओटीपी घेणं कंपन्यांनी ताबडतोब थांबवावं.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे