बदकांना वेगळं लागतं हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या शेतीच्या पानावर परसातल्या कोंबड्यांवर लेख आला होता, लेख चांगलाच होता, पण शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंय की बदकंही अशीच पाळता येतात, त्यांना वेगळं काही लागत नाही. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या परड्यात चार वर्षं झाली खाकी कॅम्पबेल बदकं आहेत, सात माद्या नि एक नर, आणि पहिलं वर्ष मी पण असंच समजून घालवलं.

आमच्या सासूबाईंचं म्हणणं, "बदकां सगळा खातत." खातात ना, ते कुठे नाही म्हटलं! उरलेला भात, पेज, मुंबईची भाचरं आली की त्यांनी टाकलेले पाव, सगळं गिळतात, पोट भरलं की गप्प बसतात, पण अंड्याला जे लागतं ते त्यात नसतं. पाचव्या महिन्यात, ऐन दिवाळीत अंडी सुरू झाली, आम्ही खूश. आणि महिनाभरात एक दिवस पहाटे खुराड्यात पेंढ्यात हात घातला तर हाताला काहीतरी कोमट, लिबलिबीत लागलं, पाणी भरलेल्या फुग्यासारखं. दचकून हात काढला. टॉर्च मारून बघते तर अंडंच, पण कवच नाही, नुसता पडदा.

आता बघा, ही जात नीट सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, एकेक 65-70 ग्रॅमचं. एवढ्या कवचांना कॅल्शियम ती पावातून आणणार का? आमच्याकडे त्याचा उपाय उकिरड्यावरच पडलेला असतो, तिसऱ्यांच्या (खाडीत मिळतात त्या) शिंपल्या. धुवून उन्हात कडकडीत वाळवायच्या, भरड कुटायच्या आणि एका करवंटीत वेगळ्या ठेवायच्या. खाण्यात कालवायच्या नाहीत, कारण नराला एवढं कॅल्शियम नको असतं, आणि मादी तिला लागेल तेवढं बरोबर खाते. संध्याकाळी बघा कशा त्या करवंटीवर तुटून पडतात. आमच्याकडे दोनेक आठवड्यांत कवचं परत कडक यायला लागली.

दुकानात बदकांचं खाद्य मागितलं की ब्रॉयलरची गोणी पुढे करतात. ते मांस भरायचं खाद्य आहे, अंड्याचं नाही. मागायचं तर लेअर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मागा, 16 ते 18 टक्के प्रोटीनचं. मी त्यात मक्याचा भरडा, कोंडा आणि कणी घालते, वर मूठभर जवळा, पण जवळा बिनमिठाचा, खारवलेली मासळी असेल तर धुवून, कारण बदकांना जास्त मीठ बाधतं (आणि मासळी फार झाली की अंड्याला वास मारतो, गिऱ्हाईक परत येत नाही). आठ जणांना मिळून दिवसाला किलोभर पुरतं. भात कापून झाला की त्याहून कमी, कारण तेव्हा ती खाचरातच सांडलेले दाणे नि गोगलगाई वेचत फिरतात, केरळात कुट्टनाडला तर हजारोंचे कळप असे कापलेल्या भातशेतीत सोडतात. आणि खाद्य नेहमी ओलं करून द्यायचं. कोरडं पीठ त्यांच्या घशात चिकटतं, मग घास घेतला की पळ पाण्याकडे, अर्धं खाद्य पाण्यात.

पेंडीचं मात्र कान धरून सांगते. दुसऱ्या पावसाळ्यात शेंगदाण्याची पेंड स्वस्त मिळाली म्हणून भरून ठेवली, आपल्याकडची हवा माहितीच आहे, कडेला हिरवट धरलं होतं तेवढं खरवडून काढलं आणि बाकीचं घातलं. दोन बदकं गेली. कोंबड्यांनीही तीच पेंड खाल्ली, त्या हिंडत होत्या! पशुवैद्यांनी विचारलं पेंड कसली घालता, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन, 1960 साली इंग्लंडात लाखभर टर्की पिल्लं अशाच शेंगदाण्याच्या पेंडीने मेली तेव्हा ते सापडलं, बदकाची पिल्लंही मेली होती त्यात, आणि बदकाला ते कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त बाधतं. तेव्हापासून शेंगदाण्याची पेंड आमच्या घरात बंद.

तुमच्या लेखात कोंबड्यांना पाण्याचं निपल, म्हणजे चोच मारली की थेंब थेंब पाणी देणारी तोटी, लावायला सांगितलंय. बदकाचं त्यावर भागत नाही. तळं नसलं तरी चालेल, पण डोकं पूर्ण बुडेल एवढं पाच-सहा इंच पाणी हवंच, नाकपुड्या नि डोळे ती त्यातच धुतात, नाहीतर डोळे चिकटतात. आमचं एक जुनं घमेलं आहे, दिवसातून दोनदा पाणी बदलायचं, दहा मिनिटांत त्याचा चिखल करतात तो भाग वेगळा.

अजून एक, बदकं बहुतेक पहाटे ते नऊच्या आत अंडी घालतात. पहिल्या वर्षी मी उजाडलं की सोडायची आणि अंडी कमी का म्हणून मुंगसाला शिव्या द्यायची, नंतर भात कापल्यावर बांधाच्या कडेला अकरा अंडी सापडली, सगळी नासलेली. आता नऊ वाजल्याशिवाय दार उघडत नाही, कितीही कलकलाट करू देत.

तर एक विनंती, ते वाक्य दुरुस्त करून छापा. आणि खाद्यवाले तुमचा पेपर वाचत असतील तर त्यांनाही सांगा, 50 किलोची गोणी आमच्यासारख्यांना दीड-दोन महिने जाते आणि पावसात ती तेवढी टिकत नाही, पाच-दहा किलोच्या पिशव्या काढल्यात तर निदान मी तरी रोख घेईन.

आपली एक वाचक,
कुडाळ तालुका, सिंधुदुर्ग